जास्त किलोमीटर धावलेली स्नोमोबाईल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उत्तर ऑन्टारियो, क्युबेक, मिनेसोटा, मिशिगनचा वरचा द्वीपकल्प अशा भागांत स्थायिक झालेली मराठी कुटुंबं दोन-तीन हिवाळे घरात बसून काढतात आणि मग कुणीतरी स्लेड, म्हणजे बर्फावर धावणारी स्नोमोबाईल, घ्यायचा विषय काढतं. नवी मशीन फार महाग पडते, त्यामुळे पहिली स्लेड बहुतेक वेळा जुनीच येते. दहा-बारा वर्षं वय, ओडोमीटरवर पंधरा-वीस हजार किलोमीटर. मग मला फोन सुरू होतात. त्या फोनवर सारखे येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

माझं मत आधीच सांगून ठेवतो. जुन्या स्लेडमध्ये इंजिन सर्वांत आधी क्वचितच जातं. आधी जातात ती बेअरिंगं, बुश, रबरी नळ्या, क्लचच्या स्प्रिंगा आणि चेन. या गोष्टी स्वस्त आहेत, पण त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं तर त्या महागड्या इंजिनालाही सोबत घेऊन जातात.

"जास्त किलोमीटर" म्हणजे नक्की किती?

टू-स्ट्रोकला १०,००० किलोमीटरच्या पुढे जास्त म्हणावं. फोर-स्ट्रोकला २०,००० ते २५,००० किलोमीटर म्हणजे मध्यम वय. नीट सांभाळलेल्या फोर-स्ट्रोकनी ५०,००० किलोमीटर ओलांडल्याची उदाहरणं या भागात दुर्मीळ नाहीत. अमेरिकेतून आलेल्या मशीनचा ओडोमीटर मैलांत असतो, हे आधी बघा. १०,००० मैल म्हणजे १६,००० किलोमीटर, आणि सौदा करताना हा फरक लहान नाही.

नुसत्या किलोमीटरवर मात्र थांबू नका. बऱ्याच मशीनमध्ये इंजिन किती तास चाललं याचीही नोंद असते. किलोमीटरला तासांनी भागा. १५,००० किलोमीटर आणि ४०० तास असतील, तर सरासरी ताशी साडेसदतीस येते. तयार केलेल्या ट्रेलवर शांतपणे चालवलेल्या मशीनचा हा आकडा आहे. सरासरी ताशी पंधराच्या आसपास आली, तर ती स्लेड बहुधा खोल बर्फात, ओझं ओढायला किंवा गोठलेल्या तळ्यावर मासेमारीला वापरली गेली आहे. तिचं इंजिन जास्त राबलेलं असतं, आणि ओडोमीटर ते सांगत नाही. सरासरी फारच जास्त असली, तर तळ्यांवर पूर्ण थ्रॉटलने पळवल्याची शंका घ्या.

एक स्लेड ४,००० किलोमीटरची पण बारा वर्षं जुनी आहे. दुसरी २०,००० किलोमीटरची, दर हिवाळ्यात चाललेली. कोणती घेऊ?

देखभालीच्या पावत्या किंवा वही असेल, तर दुसरी. माझ्याकडून हे उत्तर ऐकून लोक दचकतात, पण कारणं सरळ आहेत.

उभ्या राहिलेल्या मशीनमध्ये क्रँकचे, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचे, सील कोरडे पडून कडक होतात. सीलमधून हवा आत शिरली की मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, पिस्टन जास्त तापतो आणि टू-स्ट्रोक इंजिन बसतं. कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या रबरी बुटांना चिरा पडतात, परिणाम तोच. पेट्रोलच्या नळ्या ताठरतात. इथल्या पेट्रोलमध्ये साधारणपणे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि पाणी जास्त झालं की पेट्रोलपासून वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं. क्रँकच्या बेअरिंगवरचं ऑइल ओघळून गेलं की तिथे गंज धरतो. त्यात उंदीर आलेच. एअरबॉक्स आणि सायलेन्सर या त्यांच्या घरटी बांधायच्या आवडत्या जागा आहेत.

४,००० किलोमीटरची स्लेड वाईट असा याचा अर्थ नाही. ती घेतली तर बर्फावर नेण्याआधी सगळी रबरं, सील आणि पेट्रोलची लाइन बदलायचा खर्च किमतीत धरा.

टू-स्ट्रोक इंजिन किती टिकतं? उघडायचं कधी?

टू-स्ट्रोकला खाली ऑइलचा साठा नसतो. ऑइल पेट्रोलबरोबर आत जातं, क्रँकच्या बेअरिंगना तुषारांच्या रूपात मिळतं आणि जळून बाहेर पडतं. पिस्टनच्या रिंगा प्रत्येक फेरीत सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडक्यांवरून घासत जातात. त्यामुळे रिंगा आणि पिस्टन हा झिजणारा माल आहे असं धरूनच चाला. कार्ब्युरेटरवाल्या जुन्या इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, सिलिंडर आणि पिस्टन, १०,००० ते १५,००० किलोमीटरच्या दरम्यान उघडून पाहावा असं अनेक मेकॅनिक सांगतात. स्की-डू कंपनीचं ई-टेक किंवा त्यासारखं थेट इंजेक्शनचं इंजिन पेट्रोल आणि ऑइल जास्त नेमकं मोजतं, त्यामुळे ते सहसा याहून पुढे जातं.

तारखेपेक्षा तपासणीवर विश्वास ठेवा. इंजिन गरम करा, सगळे प्लग काढा, थ्रॉटल पूर्ण दाबून धरा आणि प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, गेजने मोजा. आकडा मॉडेलप्रमाणे बदलतो, म्हणून सिलिंडरमधला फरक बघा. तो दहा टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर काहीतरी बिघडलं आहे. दरवर्षी हाच आकडा वहीत लिहिला, तर तीन वर्षांत तो कसा उतरतोय ते कळतं, आणि एका वर्षाच्या मोजणीपेक्षा ही माहिती कितीतरी कामाची आहे.

दुसरी तपासणी डोळ्यांनी करायची. एक्झॉस्टचा वाय आकाराचा पाइप काढला की खिडकीतून पिस्टनची बाजू दिसते. गुळगुळीत करडी असेल तर ठीक. उभे ओरखडे दिसले, तर ऑइल कमी पडलं आहे किंवा इंजिन थंड असताना ताणलं गेलं आहे.

एक्झॉस्टमधले पॉवर व्हॉल्व्ह काजळीने चिकटतात. स्की-डूवाले त्यांना रेव्ह व्हॉल्व्ह म्हणतात. ते मधेच अडकले की वरच्या आरपीएमला ताकद येत नाही, आणि लोक उगाच क्लच उघडून बसतात. वर्षातून एकदा ते काढून साफ करा, तासाभराचं काम आहे. ऑइल पंपाला केबल असेल, तर थ्रॉटलबरोबर त्यावरच्या खुणा जुळतात का तेही त्याच वेळी पाहून घ्या.

वरचा भाग बिघडायच्या आधी का बदलायचा, असं विचारतात. पिस्टनचा खालचा काठ तुटला तर त्याचे तुकडे थेट क्रँककेसमध्ये जातात. मग पिस्टन आणि रिंगांच्या खर्चात क्रँकशाफ्टची भर पडते, आणि जुन्या स्लेडच्या बाबतीत तो खर्च मशीनच्या किमतीला भिडतो.

फोर-स्ट्रोक घेतली की निर्धास्त?

इंजिनाच्या बाबतीत बऱ्याच अंशी, हो. यामाहाची आरएक्स-१ २००३च्या मॉडेल वर्षात आली. तिचं ९९८ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन यामाहाच्या आर-१ मोटरसायकलवरून घेतलेलं होतं, आणि तिथून वेगवान फोर-स्ट्रोक स्लेड हा प्रकार रुळला. स्की-डूमध्ये रोटॅक्सची ६०० एसीई आणि ९०० एसीई ही इंजिनं पेट्रोल कमी खाण्याबद्दल आणि टिकण्याबद्दल नावाजलेली आहेत. ऑइल दर हंगामाला बदला, आणि मॅन्युअलमध्ये दिलेल्या दर्जाचंच घाला. यामाहाला सहसा ०डब्ल्यू-३०, रोटॅक्सच्या फोर-स्ट्रोकला ०डब्ल्यू-४०. उणे तीस अंशांत जाड ऑइल पंपापर्यंत वेळेत पोहोचत नाही. टॅपेटची, म्हणजे इंजिनाच्या व्हॉल्व्हची, फट मॅन्युअलमध्ये दिलेल्या अंतराला तपासून घ्या.

पण एक गोष्ट लोक विसरतात. फोर-स्ट्रोकचं इंजिन जड असतं आणि दीर्घायुषी असतं. म्हणजे बाकीची मशीन जास्त वजन घेऊन जास्त किलोमीटर धावते. ३०,००० किलोमीटरच्या फोर-स्ट्रोकमध्ये इंजिन ठणठणीत, पण पुढचे बुश, स्टिअरिंगचे सांधे, शॉक आणि बेअरिंगं संपलेली, हे चित्र नेहमीचं आहे. विकणारा इंजिनाचं कौतुक करत असताना तुम्ही खाली वाकून पुढची स्की धरून हलवून पाहा.

यामाहाने स्नोमोबाईल बंद केल्या ना? मग जुनी यामाहा घ्यावी का?

२०२५च्या मॉडेल वर्षानंतर स्नोमोबाईल बनवणार नाही, असं यामाहाने २०२३मध्ये जाहीर केलं. झिजणारे भाग, म्हणजे बेल्ट, बेअरिंग, हायफॅक्स (ट्रॅकखालच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या), स्कीच्या खालच्या कार्बाइडच्या कडक पट्ट्या, इतर कंपन्याही बनवतात, त्यांची चिंता नको. खास इंजिनाचे आणि इलेक्ट्रॉनिक भाग पुढे महाग होत जातील असं धरून चाला. तरीही चांगल्या अवस्थेतली यामाहा मिळाली तर मी घेईन.

बेल्ट सारखा तुटतो. चांगल्या कंपनीचा बेल्ट कोणता?

या प्रश्नात बेल्टचा दोष क्वचितच असतो. बेल्ट साधारण ३,००० ते ५,००० किलोमीटर चालायला हवा. त्याआधी एकामागून एक जात असतील, तर दुखणं क्लचमध्ये आहे.

स्लेडला गिअर नसतात. पुढचा क्लच क्रँकवर बसतो. तो फिरू लागला की त्यातली वजनं बाहेर फेकली जातात, दोन चकत्या जवळ येतात आणि बेल्ट वर चढतो. त्याला विरोध करते एक स्प्रिंग. मागच्या क्लचमध्ये याच्या उलट होतं, तिथल्या चकत्या स्प्रिंगच्या विरोधात उघडत जातात. हा सगळा तोल वजनं, स्प्रिंगा, रोलर आणि बुश यांवर उभा आहे. काही हजार किलोमीटरमध्ये स्प्रिंगा थकतात, रोलर एका बाजूला चपटे होतात, बुशमध्ये खेळ येतो. बेल्ट घसरू लागतो, तापतो आणि तुटतो.

याची पहिली खूण आरपीएमवर दिसते. सपाट ट्रेलवर पूर्ण थ्रॉटलला इंजिन किती आरपीएम गाठतं ते कंपनीच्या आकड्याशी ताडून पाहा. दोन-तीनशेचा फरक आढळला, की क्लच उघडून बघायची वेळ आली. पुढचा क्लच काढायला त्या मॉडेलचा पुलरच लागतो, हातोडी चालवू नका. स्प्रिंगा स्वस्त असतात. ५,००० किलोमीटरला त्या न तपासता बदलून टाकाव्यात या मताचा मी आहे.

जुन्या स्लेडमध्ये आणखी एक कारण लपलेलं असतं, इंजिनाची रबरी माउंटिंगं. ती बसली की इंजिन जरासं सरकतं आणि दोन क्लच एका रेषेत राहत नाहीत. बेल्टची एकच कड उसवत असेल, तर इकडे बघा.

काढलेला बेल्ट फेकण्याआधी निरखून पाहा, कारण तो काय झालं ते दाखवतो. एकाच जागी अरुंद झाला असेल, तर ट्रॅक, म्हणजे स्लेड ढकलणारा खालचा रबरी पट्टा, गोठलेला असताना थ्रॉटल दिला गेला आणि बेल्ट तिथे जळला. दोन्ही बाजू काचेसारख्या चकाकत असतील, तर तो घसरत होता. आडव्या चिरा म्हणजे वय झालं.

क्लचच्या चकत्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, तिथे कुठलाही तेलकट स्प्रे नको. नवा बेल्ट साबणाच्या पाण्याने धुऊन, वाळवून, बाणाची दिशा पाहून घाला आणि पहिले पन्नासेक किलोमीटर वेग कमी-जास्त करत चालवा. जास्तीचा बेल्ट नेहमी स्लेडवर असू द्या.

बेल्ट फुटला, तर जागेवरच सगळे धागे वेचून काढा, विशेषतः पुढच्या क्लचच्या मागचे. तिथे गुंडाळलेला धागा क्रँकच्या सीलमध्ये घुसतो आणि सील बाहेर ओढतो. मग वर सांगितलेली हवेची गळती आणि बसलेलं इंजिन. बेल्ट बदलून घाईने पुढे निघालेल्या कितीतरी जणांचं इंजिन याच कारणाने गेलं आहे.

चेनकेसचं ऑइल दरवर्षी बदलायलाच हवं का?

हो. चेनकेस म्हणजे मागच्या क्लचची ताकद ट्रॅकपर्यंत नेणाऱ्या चेनची पेटी. पाव ते अर्ध्या लिटरच्या आसपासचं काम आहे, टाळू नका. खाली चुंबक असलेला बोल्ट असतो. त्यावर करडा, मऊ लगदा दिसला तर ती नेहमीची झीज. बोटांना टोचणारे कण किंवा तुकडे सापडले तर झाकण काढून चेन, स्प्रॉकेट आणि बेअरिंग पाहा. ऑइल दुधाळ झालं असेल तर पाणी शिरलं आहे.

चेनचा ताण मॅन्युअलप्रमाणे लावा. ढिली चेन थ्रॉटल सोडताना खडखडते. यात सुरक्षिततेचाही प्रश्न आहे. अनेक मॉडेल्समध्ये ब्रेकची डिस्क वरच्या जॅकशाफ्टवर, म्हणजे मागचा क्लच ज्यावर बसतो त्या दांड्यावर, असते, म्हणजे ब्रेकची ताकद चेनमधूनच ट्रॅकपर्यंत जाते. चेन तुटली की ब्रेकही गेला. उतारावर हे घडलं तर काय होईल, याचा विचार करून तो बोल्ट उघडा. पोलारिस कंपनीच्या काही मॉडेल्समध्ये चेनऐवजी दातेरी बेल्ट आहे. तिथे ऑइलचा प्रश्न नाही, पण बेल्टचे दात पाहावे लागतात.

बेअरिंग गेलं हे वेळेत कसं कळेल?

जुन्या स्लेडला रस्त्यात बसवणारा सर्वांत मोठा अपराधी हाच आहे, म्हणून इथे थोडा वेळ घालवतो.

मशीनचा मागचा भाग स्टँडवर उचला. इंजिन बंद, बेल्ट काढलेला. ट्रॅक हाताने फिरवा. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवा आणि मूठ कानाला लावा. चांगलं बेअरिंग जवळजवळ काहीच बोलत नाही. खरखर आली की ते बदलायचं. मग एकेक चाक धरून हलवा आणि फिरवा. खेळ लागला, किंवा फिरताना अडखळलं, तर तेही काढा.

सर्वाधिक दुर्लक्षित तीन जागा आहेत: मागच्या क्लचच्या मागे असलेलं जॅकशाफ्टचं बेअरिंग, खाली ट्रॅक फिरवणाऱ्या ड्राइव्हशाफ्टचं चेनकेसच्या विरुद्ध बाजूचं बेअरिंग, आणि मागच्या अ‍ॅक्सलची चाकं. ड्राइव्हशाफ्टचं बेअरिंग फुटलं तर शाफ्ट सरकून टनेलला, म्हणजे ट्रॅकवरच्या धातूच्या कवचाला, किंवा त्यातल्या कूलरला भोक पाडतो. तिथे पोहोचायला बरंच सोडवावं लागतं, त्यामुळे एकदा उघडलं की जुनं तपासत बसू नका, नवंच घाला.

चाकांची बहुतेक बेअरिंगं ६००४, ६२०५ अशा सर्वसाधारण मापांची असतात. नंबर बाजूला कोरलेला असतो. तो घेऊन बेअरिंगच्या दुकानात जा. नामांकित कंपनीचं, दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेलं बेअरिंग तिथे शोरूमपेक्षा स्वस्त मिळतं. सील सुईने अलगद उचलून थंडीत न गोठणारं सिंथेटिक ग्रीस भरलं, तर ते आणखी टिकतं.

फेरीहून आल्यावर इन्फ्रारेड थर्मामीटर चाकांवर आणि शाफ्टच्या टोकांवर धरून पाहा. बाकीच्यांपेक्षा एखादी जागा स्पष्टपणे जास्त गरम असेल, तर पुढच्या फेरीआधी ती उघडा.

ट्रॅक आणि हायफॅक्स कधी बदलायचे?

हायफॅक्स म्हणजे ट्रॅक ज्यावरून सरकतो त्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या. त्यांना वंगण असतं ते फक्त बर्फाचं. कडक गोठलेल्या ट्रेलवर किंवा उघड्या गोठलेल्या तळ्यावर सुटा बर्फ उडत नाही, मग त्या तापून वितळतात आणि प्लॅस्टिक जळल्याचा वास येतो. त्याच वेळी टनेलमधल्या कूलरवरही बर्फ पडत नसतो, त्यामुळे इंजिनाचं तापमानही चढतं. दोन्हीवर एकच उपाय: स्क्रॅचर, म्हणजे बर्फ खरवडून वर उडवणाऱ्या तारा. जुन्या स्लेडला त्या नसतील तर आधी त्या बसवा. पट्टीवर झिजेच्या मर्यादेची खूण असते, तिथवर पोहोचायच्या आत बदला.

ट्रॅकचा ताण मॅन्युअलप्रमाणे, मध्यभागी ठरावीक वजन लावून मोजतात. ढिला ट्रॅक ब्रेक मारताना दात सोडतो आणि खाडखाड आवाज येतो. फार आवळला तर हायफॅक्स, बेअरिंग आणि पेट्रोल तिन्ही खातो. ट्रॅकच्या आतल्या काचतंतूंच्या कांड्या तुटलेल्या दिसल्या, कडा फाटल्या असल्या किंवा धातूच्या क्लिपा निघाल्या असल्या, तर बदलायची तयारी करा. रबराच्या लग्जच्या, म्हणजे बर्फात रुतणाऱ्या उंचवट्यांच्या, मुळाशी बारीक भेगा हे नुसत्या वयाचंही लक्षण असतं, त्यावर काही हंगाम निघतात.

ट्रॅक उचलून इंजिनावर फिरवत असाल तर मागे कुणालाही उभं राहू देऊ नका, मुलांना तर नाहीच. सुटलेला स्टड, म्हणजे ट्रॅकवर बसवलेला धातूचा खिळा, गोळीसारखा येतो.

सस्पेन्शन, कूलंट, ब्रेक?

शॉकमधलं तेल आणि नायट्रोजन वापराने संपतं. स्लेड खड्ड्यांवर आपटायला लागली की सीट बदलायचा विचार करण्याआधी शॉक उघडून घ्या. ग्रीसचे निपल शोधून दर काही शे किलोमीटरला, आणि प्रत्येक धुलाईनंतर, जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत ग्रीस मारा. ब्रेकचं तेल दोन वर्षांनी, कूलंट मॅन्युअलप्रमाणे. वॉटर पंपाखालच्या छोट्या भोकातून थेंब येत असेल तर त्याचा सील गेला आहे.

उणे पंचवीसमध्ये सुरू करताना काय काळजी घ्यायची?

रात्री स्लेड लाकडी फळ्यांवर लावा, म्हणजे ट्रॅक जमिनीला चिकटत नाही. सकाळी मागचा भाग उचलून आपटा आणि ट्रॅक मोकळा झाल्याची खात्री करा. नंतरच थ्रॉटल.

इंजिन गरम होईपर्यंत ताणू नका. पिस्टन लवकर तापून फुगतो, सिलिंडर मात्र अजून थंड असतो, आणि दोघांमधली फट संपते. तापमान दिसत असेल तर कूलंट साधारण ४० अंशांवर येईपर्यंत हळू चालवा. गॅरेजचं दार उघडल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

उन्हाळ्यात ठेवताना काय करायचं?

बहुतेक जण हे काम ऑक्टोबरवर ढकलतात. माझा आग्रह असतो की शेवटची फेरी झाली की त्याच आठवड्यात करा. काय वाजत होतं, काय ढिलं वाटत होतं, ते अजून लक्षात असतं. भाग मागवायला सहा महिने मिळतात आणि मेकॅनिक मोकळा असतो.

टाकी भरून त्यात स्टॅबिलायझर घाला आणि ते इंजेक्टरपर्यंत पोहोचेल इतका वेळ इंजिन चालवा. टू-स्ट्रोकमध्ये फॉगिंग ऑइल, म्हणजे आतल्या भागांना गंजापासून वाचवणारं ऑइल, मारा. ई-टेकमध्ये उन्हाळी साठवणीची सोय इंजिनाच्या संगणकातच आहे, ती वापरा. फोर-स्ट्रोकचं ऑइल ठेवण्याआधी बदला, कारण वापरलेल्या ऑइलमध्ये पाणी, पेट्रोल आणि आम्ल साठलेलं असतं. बेल्ट काढून ठेवा. ट्रॅक जमिनीपासून वर आणि ढिला. बॅटरी देखभालीच्या चार्जरवर. एक्झॉस्टच्या तोंडात तारेचा काथ्या (स्टील वूल) कोंबा, उंदीर आत जात नाहीत. आणि हँडलला चिठ्ठी बांधा, नाहीतर हिवाळ्यात तो काथ्या काढायचा राहतो.

जुलैमध्ये मधेच पाच मिनिटं इंजिन चालवून बंद करू नका. इतक्यात ते पुरतं तापत नाही, आत ओलावा धरतो आणि फॉगिंग वाया जातं.

ट्रेलरवरून नेल्याने स्लेड खराब होते का?

उघड्या ट्रेलरवर, हो. इथले रस्ते हिवाळाभर मिठाने माखलेले असतात. मागून उडणारं खारं पाणी टनेलचं अ‍ॅल्युमिनियम, कूलर, शॉकचे दांडे आणि विजेचे जोड खातं. झाकलेला ट्रेलर नसेल तर निदान समोरून येणारा मारा अडवणारं कव्हर लावा आणि पोहोचल्यावर गोड्या पाण्याने धुवा. कनेक्टरना डायइलेक्ट्रिक ग्रीस लावून ठेवा. दहा वर्षांच्या स्लेडमधले न उलगडणारे विजेचे दोष बरेचदा हिरव्या पडलेल्या जोडात सापडतात.

जुनी स्लेड पाहायला गेल्यावर आधी काय बघू?

इंजिन थंड आहे का, हात लावून बघा. विकणाऱ्याने आधीच तापवून ठेवलं असेल तर का, ते विचारा. नंतर टनेल आणि पुढचा सांगाडा. रिव्हेटच्या भोवती काळी पावडर दिसली, तर रिव्हेट ढिला होऊन अ‍ॅल्युमिनियम घासलं जातंय. दोन-चार रिव्हेट बदलता येतात, रांगच्या रांग ढिली असेल तर सोडा. बॉडी नवीकोरी आणि सांगाडा वाकलेला असेल, तर अपघात झाला आहे. पुढे स्कीचा खेळ, चेनकेसच्या बोल्टवरचा चुंबक, आणि टू-स्ट्रोक असेल तर कॉम्प्रेशन. कॉम्प्रेशनचं गेज वापरायला मालक नाही म्हणाला तर तिथेच आभार मानून निघा. फ्रेमवरचा क्रमांक कागदांशी जुळवा.

गुलमर्गला भाड्याच्या जुन्या स्नो स्कूटरवर बसणार आहोत. काही पाहावं का?

महाराष्ट्रातून बरेच जण तिथेच पहिल्यांदा या मशीनवर बसतात. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास पाऊणपट. इंजिनाला ताकद कमी मिळते, हा बिघाड नव्हे. तुम्ही मात्र तीन गोष्टी पाहा: उभ्या मशीनचा ब्रेक दाबल्यावर लिव्हर हँडलला टेकत नाही ना, थ्रॉटल सोडल्यावर झटकन मागे येतो ना, आणि क्लचवरचं झाकण जागेवर आहे ना. लोंबणारा मफलर किंवा ओढणी मशीनजवळ नको. हेल्मेट मागून घ्या.

कोणती कामं घरी करावीत?

ऑइल, प्लग, बेल्ट, ग्रीस, हायफॅक्स, चाकांची बेअरिंगं, पॉवर व्हॉल्व्ह, ट्रॅकचा ताण. साधे पाने, एक टॉर्क रेंच आणि त्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल पुरतं. क्लचची मांडणी, शॉकमधला नायट्रोजन आणि क्रँक जाणकाराकडे द्या.

कधी सोडून द्यावी?

एकट्या इंजिनासाठी सोडू नका, वरचा भाग नवा करून मशीन पुन्हा हजारो किलोमीटर जाते. पण टनेलला भेगा, ट्रॅक संपलेला आणि क्रँकला खेळ असं एकाच वेळी आलं, तर त्या खर्चात दुसरी चांगली जुनी स्लेड येते. मग तीच मशीन भागांसाठी विका. स्की, शॉक, सीट, गेज आणि क्लच यांना त्या मॉडेलचे मालक लगेच गिऱ्हाईक मिळतात, आणि पहिल्या बर्फाच्या तोंडावर, नोव्हेंबरमध्ये, भाव एप्रिलपेक्षा चांगला येतो.